डागामागचं पाणी

घर मनात भरल्यावर आणि इसाराची रक्कम देण्याआधी थोडासाच अवधी हातात असतो. बहुतेकांचा तो कर्जाच्या कागदांत आणि कुठल्या खोलीत काय ठेवायचं या बोलण्यात जातो. आम्ही त्या अवधीत घराची तपासणी करून घेतली. कागदपत्रं वकिलांनी पाहिलीच होती, मी म्हणतेय ती प्रत्यक्ष घराची तपासणी. भिंती, स्लॅब, गच्ची, नळ, वायरिंग, ड्रेनेज, सगळ्याची. घर घेऊ पाहणाऱ्या ओळखीच्या लोकांशी बोलताना जाणवतं की अशा तपासणीत नेमकं काय करतात आणि त्यातून हाती काय येतं, याची कल्पना फार थोड्यांना असते. म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

घर दुमजली, स्वतंत्र, आरसीसी बांधकामाचं आणि बरंच जुनं. उजेड भरपूर, खोल्या ऐसपैस, मागे थोडी मोकळी जागा आणि वरच्या मजल्यावर पुढे आलेली रुंद बाल्कनी. विकणारे काका-काकू तिथेच राहत होते आणि त्यांनी घर मन लावून राखलेलं होतं. दिवाणखान्याच्या छताला एका कोपऱ्यात पिवळट डाग होता. तेवढा सोडला तर खटकावं असं काही दिसत नव्हतं. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं, “घर डोळ्यांसमोर उभं आहे, ते बघायला वेगळा माणूस कशाला? तो डाग खरवडून रंग मारला की झालं.” मी त्याला एवढंच विचारलं, “दादा, तो डाग कशानं पडलाय ते सांगशील?” त्याला सांगता येईना आणि मलाही सांगता येत नव्हतं. तपासणीचं पक्कं झालं ते त्यामुळे.

माणूस निवडताना आम्ही एका गोष्टीवर अडून राहिलो. दलालाने स्वतःच्या ओळखीचा माणूस सुचवला होता, त्याला नम्रपणे नको म्हटलं. व्यवहार झाला तरच ज्याला काही मिळणार, त्याच्याकडून आलेला तपासनीस मनाने कितीही सरळ असला तरी त्याच्या शब्दावर आपला पूर्ण भरवसा बसत नाही. दुसरी अट अशी की दोष शोधणाऱ्याने दुरुस्तीचं कंत्राट घ्यायचं नाही. अमेरिकेत घर-तपासनीसांची ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ ही संघटना १९७६ पासून आहे. तिच्या आचारसंहितेत, तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचं काम त्याच तपासनीसाने वर्षभर पैसे घेऊन करू नये, असा नियम आहे. तपासणी कुठेही करा, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आम्हाला मिळाल्या त्या मॅडम स्ट्रक्चरल इंजिनियर, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मुरलेल्या. सोबत त्यांचा एक इलेक्ट्रिशियन. फी आधीच ठरली, घर घेतलं तरी तेवढीच आणि नाही घेतलं तरी तेवढीच.

फोनवर त्यांनी जे विचारलं त्यावरूनच त्यांच्या कामाची जात कळली. घर सध्या वापरात आहे का, पाणी आणि वीज चालू आहे का, इतक्यात कुठे रंग किंवा फरशीचं काम झालंय का, गच्चीवर आणि ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत जाता येतं का. वरच्या मजल्यावरचं बाथरूम आदल्या संध्याकाळपासून कोणी वापरू नये, असंही सांगून ठेवलं. आणि आम्ही दोघांनीही पूर्ण वेळ हजर राहायला हवं, हे निक्षून सांगितलं.

काका सुरुवातीला दुखावले. “इतकी वर्षं राहतोय आम्ही इथे. आमच्या बोलण्यावर विश्वास नाही का?” विकणाऱ्याला असं वाटणं अगदी साहजिक आहे आणि घेणाऱ्याने ते झटकून टाकू नये. मी म्हटलं, “काका, तुमच्यावर विश्वास आहे. पण भिंतीच्या आत काय चाललंय ते तुम्हालाही दिसत नाही ना?” विचारल्याशिवाय काहीही फोडायचं नाही आणि अहवालाची एक प्रत त्यांना द्यायची, असं ठरल्यावर ते तयार झाले.

मॅडम आल्या त्या थेट घरात शिरल्याच नाहीत. आधी घराभोवती फेरी. मागच्या बाजूला फरसबंदी केलेली होती, तिथे त्या वाकून जोत्याची उंची मोजू लागल्या. पायातली ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी ओलरोधक थर घालतात. बाहेरची जमीन त्या थराच्या निदान १५० मिलिमीटर खाली असावी आणि जमिनीचा उतार घरापासून दूर जाणारा असावा, पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर तरी. इथे जुन्या फरशीवर नवी फरशी टाकत टाकत जमीन त्या थराच्याही वर आली होती आणि उतार उलटा, भिंतीकडे. त्यांनी फोटो काढला, वहीत नोंद केली आणि म्हणाल्या, “आता या भिंतीच्या आतल्या खोलीत काय आहे ते बघू.”

आतल्या खोलीत सगळं स्वच्छ होतं. जरा जास्तच स्वच्छ. भिंतीचा खालचा भाग नव्याने रंगवलेला होता आणि वरच्या जुन्या रंगाशी तो तिरप्या उजेडात वेगळा दिसत होता. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाकला की फुगवटे, पॅच, खरवडलेल्या जागा उठून दिसतात. ही युक्ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. मग त्यांनी ओलावामापक काढला. दोन टोकदार पिना भिंतीला टेकवायच्या आणि त्यांच्यामधला विद्युतरोध मोजायचा. पण हे यंत्र मुळात लाकडासाठी आखलेलं असतं, त्यामुळे भिंतीवर त्याचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. शिवाय भिंतीत क्षार साठले असतील तर कोरडी भिंतही ओली दाखवतं. म्हणून त्यांनी आधी घरातली खात्रीची कोरडी भिंत मोजली आणि मग इथे खालून वर ओळीने वाचनं घेतली. तळाशी सर्वांत जास्त, वर जाताना कमी कमी होत कंबरेच्या जरा वर कोरड्या भिंतीइतकं. जमिनीतून चढणाऱ्या ओलीची ही ओळख. पाइप फुटला असता तर ओल एका जागी दाटली असती. कपाटाच्या मागे, जिथे नवा रंग पोचला नव्हता, तिथे भिंतीला पांढरा लोणा लागलेला सापडला. भिंत फोडण्याची, आत औषधं भरण्याची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं. आधी बाहेरची फरशी काढा, जमीन खाली न्या, उतार फिरवा, मग भिंतीला वाळायला वेळ द्या आणि त्यानंतरच नवा गिलावा करा. रंगाच्या दुकानातून ओलीवरचं काहीतरी आणून फासलं असतं, तर तो खर्च दर वर्षी करत बसलो असतो.

नंतर आमचा तो डाग. तिथे मी पाहिलं ते मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत सुंदर काम वाटलं. वरचं बाथरूम रात्रभर बंद होतं. सकाळी त्यांनी थर्मल कॅमेऱ्याने छत पाहिलं. या कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओल्या जागेवरून बाष्पीभवन होत राहतं म्हणून ती आजूबाजूपेक्षा थंड दिसते, एवढंच. त्यामुळे कॅमेऱ्यात काही दिसलं की ओलावामापकाने खात्री करावी लागते. त्या सकाळी डागाची जागा जवळपास कोरडी होती. यावरून पहिला निष्कर्ष निघाला. नळाची लाइन रात्रभर पाण्याने भरलेलीच असते, ती गळत असती तर सकाळीही जागा ओली राहिली असती. मग बादलीभर पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं तिथे, ओतलं आणि वाट पाहिली. खाली काहीच फरक नाही, म्हणजे ट्रॅपखालचा पाइपही ठीक. शेवटी ट्रॅपच्या तोंडाला बूच लावून फरशीवर पाणी साठवलं. बराच वेळ काही घडेना. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यातून एक गार पट्टा उमटायला लागला आणि हळूहळू पसरत डागापाशी आला. फरशी आणि भिंत जिथे मिळते तो सांधा उघडा पडला होता. अंघोळीचं पाणी तिथून मुरत होतं.

त्यांनी शिडीवर चढून डागाभोवतीचा स्लॅब हातोडीने ठोकून पाहिला. आवाज सगळीकडे भरीव. डाग पिवळट होता, त्यात गंजाची तपकिरी छटा नव्हती. बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, स्लॅबला धोका नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं. ज्या डागावरून आमच्या घरात चर्चा झडल्या होत्या तो इतका सौम्य निघाला. दादा हे सगळं शेजारी उभा राहून पाहत होता. त्यानंतर त्याने एकही शंका काढली नाही, उलट मॅडमची शिडी तोच धरत होता.

जिन्यालगतच्या भिंतीत एक तिरकी भेग होती. तिची रुंदी पारदर्शक पट्टीने मोजली, एक मिलिमीटरच्या आत भरली. ब्रिटनच्या इमारत संशोधन संस्थेने भेगांची जी प्रतवारी केली आहे, तीत एक मिलिमीटरपर्यंतच्या भेगा किरकोळ आणि पाच मिलिमीटरपर्यंतच्याही सहसा डागडुजीपुरत्या मानल्या जातात. इमारतीच्या मजबुतीची खरी काळजी त्यापुढे, विशेषतः १५ मिलिमीटरच्या वर सुरू होते. मात्र रुंदीइतकंच महत्त्व भेग अजून हलतेय का याला असतं. हिच्या कडा आतून मळलेल्या होत्या, जुना रंग आत उतरलेला होता, म्हणजे ती जुनी. तरी त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर आणि तारीख लिहून ठेवली.

आणि मग बाल्कनी. घरातली आमची सर्वांत लाडकी जागा.

खालून पाहिलं तर एके ठिकाणी प्लास्टर निखळून गंजलेली सळई दिसत होती. आम्ही तिकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “ही बघूच, पण पुढे आलेल्या स्लॅबची खरी ताकद वरच्या बाजूला असते.” एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असलेला स्लॅब वाकताना वरून ताणला जातो, त्यामुळे त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला घालतात. वरून पाणी मुरलं तर ते नेमकं त्या सळ्यांपर्यंत पोचतं, तेही भिंतीच्या मुळाशी, जिथे ताण सर्वांत जास्त. खालून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

खालच्या निखळलेल्या जागी काकांच्या परवानगीने काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारलं. ताजं, निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्यामुळेच आतल्या सळईवर गंजाला रोखणारा पातळ थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो तसा हा पीएच उतरतो. तो नऊच्या आसपास आला की सळईचं कवच गेलं. द्रावण निरोगी भागावर गडद गुलाबी होतं आणि कवच गेलेल्या भागावर रंगहीन राहतं. आमच्या टवक्यावर सळईच्या खोलीपर्यंत आणि त्याच्याही पुढे गुलाबी छटा उमटलीच नाही.

त्यांच्याकडे रिबाउंड हॅमरही होता. स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं हे साधन काँक्रीटवर आपटून किती उसळतं त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतं. बाल्कनीच्या कडेला आकडा चांगला आला. मला हायसं वाटलं, पण मॅडमना नाही. त्यांनी समजावलं की कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग उलट जास्त कडक होतो, त्यामुळे आकडा फसवा चढतो. यंत्र चालवणं कोणीही शिकेल. आकडा कधी खरा मानायचा आणि कधी नाही, यासाठी आपण जाणत्या माणसाला पैसे देतो, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

वर गेल्यावर बाल्कनीत चकचकीत नव्या टाइल्स होत्या. जुन्या काढल्या नव्हत्या, त्यांच्यावरच बसवलेल्या होत्या. खोली आणि बाल्कनी यांच्यामधला उंबरा त्यामुळे जेमतेम बोटभर उरला होता. पाच सेंटिमीटर जाडीचा माल आणि टाइल्स म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास जादा वजन, ज्याचा मूळ हिशेबात विचार झालेला नसणार. तांब्याभर पाणी ओतलं तर ते बाहेर न जाता भिंतीकडे आलं आणि तिथेच साचून राहिलं. हातोडीच्या ठोक्याला भिंतीलगतच्या टाइल्स पोकळ वाजत होत्या. मॅडमनी साफ सांगितलं, “याच्या खाली काय आहे ते मला दिसत नाही. न बघता मी चांगलं म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही. पण हे उघडून बघितल्याशिवाय तुम्ही इसार देऊ नका.”

चालू घरातल्या नव्या टाइल्स फोडू देणं काकांना सोपं नव्हतं. पुन्हा बसवून देण्याचा खर्च आम्ही उचलू, निकाल काहीही लागो, असं आम्ही कबूल केलं, तेव्हा भिंतीलगतची एक पट्टी उघडायला त्यांनी होकार दिला. त्यासाठी मॅडम नंतर एकदा गवंड्याला घेऊन आल्या. टाइल्स निघाल्या, खालचा जुना माल निघाला आणि भिंतीला समांतर, बाल्कनीच्या जवळपास पूर्ण रुंदीभर गेलेली भेग दिसली. तिच्या कडांना तपकिरी गंज. पोलाद गंजलं की मूळ धातूपेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतं, त्या दाबानेच काँक्रीट आतून फुटत जातं. एका ठिकाणी सळई उघडी करून ब्रशने घासली तर ती डोळ्यांना कळेल इतकी झिजलेली होती.

मॅडमनी सगळ्यांना आत यायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि बाल्कनीवर कोणीही पाऊल ठेवू नये, खालीही कोणी उभं राहू नये, असं बजावलं. त्याच दिवशी खालून टेकू लावून घेतले. काकूंच्या तोंडून एवढंच निघालं, “संध्याकाळी आम्ही इथेच बसतो हो. नातवंडं इथेच खेळतात.” तपासणीचं मोल मी तोवर आमच्या बाजूने मोजत होते. त्या दुपारी ते घर विकणाऱ्यांच्या किती कामी आलं हे कळलं. काकांची नाराजी तिथेच संपली. पुढचं सगळं बोलणं त्यांच्याशी एका बाजूला बसून केल्यासारखं झालं.

वायरिंगचं थोडक्यात सांगते, पण ते दुय्यम आहे असं मुळीच नाही. स्वयंपाकघरातल्या आणि बाथरूममधल्या तीन पिनांच्या सॉकेटना तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. बाहेरून सॉकेट अगदी व्यवस्थित. बोर्डात एमसीबी होते. ते वायर तापून जळू नये म्हणून असतात. माणसाला झटका बसताना वीज तोडतो तो आरसीसीबी, आणि तो नव्हताच. घरगुती वापरासाठी तो ३० मिलीअँपिअरचा लागतो. तेवढी गळती झाली की ३०० मिलीसेकंदांच्या आत वीज तोडतो. वायरिंगच्या आवरणाची चाचणी ५०० व्होल्टवर केली, निदान एक मेगाओहम रोध यायला हवा. खालचा मजला सहज पार झाला, वरच्या मजल्यावरची एक लाइन नापास. पाण्याचा हीटर त्याच लाइनवर होता.

ड्रेनेजचे चेंबर उघडून वरून फ्लश सोडले, पाणी अडखळत नव्हतं. चौकटींच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हर रुतवून पाहिला, वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधल्या, काही सापडलं नाही. गच्चीच्या पाइपांची तोंडं साफ, उतार बरोबर. ओळंबा आणि पाणसळ लावून भिंती-फरशा पाहिल्या, त्यात काही वावगं नव्हतं.

अहवाल आला तो जाडजूड होता, पण वाचायला सोपा. प्रत्येक दोषासमोर जागा, फोटो, कारण आणि तो किती तातडीचा हे लिहिलेलं. कारणाचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. डाग, भेग, ओल हे सगळ्यांनाच दिसतं. दुरुस्तीला किती पैसे लागतील आणि घर घ्यावं की नाही, हे मात्र कारणावर ठरतं. छतावरचा तोच डाग स्लॅबमधल्या सळ्या गंजल्यामुळे पडला असता तर आम्ही कदाचित परत फिरलो असतो.

अहवालाच्या शेवटी काय तपासता आलं नाही त्याची यादी होती. भिंतींत गाडलेले पाइप, पाया, जड कपाटांमागचा भाग, बाल्कनीच्या न उघडलेल्या टाइल्सखालचा भाग. तुम्ही कोणाकडूनही तपासणी करून घ्या, हे पान मागून घ्या. ज्या अहवालात हे पान नसतं, त्यात सगळं पाहिल्याचा आव असतो आणि एका भेटीत सगळं पाहणं कोणालाच शक्य नसतं.

किमतीच्या बोलणीत आम्ही अहवालातला प्रत्येक टवका मोजला नाही. जुन्या घराला नळ गळके असणार, दारं घासणार. ते आम्ही आमच्याकडे घेतलं. बाल्कनी, वायरिंग आणि बाथरूम या तीनच गोष्टी मांडल्या. मागच्या जमिनीचं काम आम्ही स्वतः करायचं ठरवलं. काकांनी अहवालाची त्यांची प्रत स्वतःच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराला दाखवली आणि त्यानेही बाल्कनीबद्दल तेच सांगितलं. त्यानंतर घासाघीस अशी उरलीच नाही. बाल्कनी पाडण्याचा खर्च त्यांचा, नवी बांधण्याचा आमचा, आणि उरलेल्या दोन कामांपोटी किमतीत सूट, असं ठरलं. पाडण्याचं काम खरेदीखतापूर्वी व्हावं, हे मात्र आम्ही लेखी घेतलं.

नव्या बाल्कनीचा प्रश्न सोपा नव्हता. तशीच पुढे आलेली बाल्कनी हवी तर तिच्या सळ्या खोलीच्या स्लॅबमध्ये बऱ्याच आतपर्यंत न्याव्या लागतात आणि त्यासाठी आतली फरशी, स्लॅब फोडावा लागतो. मॅडमनी दुसरा मार्ग सुचवला. खालून स्वतंत्र पायावर दोन खांब उभे करायचे आणि त्यांवर कमी रुंदीची बाल्कनी टेकवायची. खांबांनी खालची मोकळी जागा थोडी अडते, पण आम्ही तेच निवडलं. वॉटरप्रूफिंगनंतर तिथे आणि बाथरूममध्ये २४ तास पाणी साठवून ठेवलं आणि खालून थर्मल कॅमेऱ्याने पाहून घेतलं, मगच टाइल्स बसवल्या. हे पाणी साठवणं कंत्राटदारांना नको असतं, काम खोळंबतं. तिथे आपण हटून बसावं.

राहायला गेल्यावर काही महिन्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओलीचा एक पट्टा दिसला. भिंतीत गाडलेले पाइप तपासता आलेले नाहीत, हे अहवालात लिहिलेलंच होतं. पण त्याच भिंतीचा तपासणीच्या दिवशीचा थर्मल फोटो आणि ओलावामापकाची वाचनं आमच्याकडे होती आणि तेव्हा ती कोरडी होती. म्हणजे गळती नवी. घर घेतल्यानंतर त्या भिंतीत आम्ही एकच बदल केला होता, सिंकशेजारी नव्या नळासाठी जोड काढला होता. प्लंबरने दुसरीकडे कुठेही हात न लावता तेवढीच जागा उघडली. जोडाच्या आट्यांमधून पाणी झिरपत होतं. जोड बदलला, भिंत वाळेपर्यंत उघडीच ठेवली आणि कोरडं वाचन आल्यावर गिलावा केला. ते वाचन, तारखेसकट, अहवालाच्या त्या पानावर लिहून ठेवलं आहे. जिन्याजवळच्या भेगेचं अंतर लिहितो, तेही त्याच अहवालात.